सरांचं सिंगळीक

आमच्या सरांचा विषय निघाला की लोक हसतात. मला संताप येतो. आधी सरांचा येतो, मग हसणाऱ्यांचा येतो, आणि ज्याचा पहिल्यांदा यायला पाहिजे त्याचा, म्हणजे माझा, सगळ्यात शेवटी येतो. मधे कुणाला हसू आलं तर हसा खुशाल. सर आहेतच तसे.

उमरग्यात हायवेपासून हाकेच्या अंतरावर आमची शाळा. ट्रकांच्या हॉर्नमधून शिकवायचं, म्हणून आमच्या शाळेतले सगळेच मास्तर मोठ्यानं बोलतात. सर तर ओरडायचेच. ते विज्ञान शिकवायचे, मी गणित. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मास्तरांना ते कधी नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. "ए गणित, खडू टाक इकडं." "इंग्रजी आज बी उशिरा आलं का?" ड्रिलच्या मास्तरांना ते 'कवायत' म्हणायचे आणि कवायतीला ते बिलकुल आवडायचं नाही. मुख्याध्यापक कुठलाच विषय शिकवत नव्हते, म्हणून त्यांना नुसतं "ओ" म्हणायचे.

चिडायला त्यांना कारण लागत नसे. मी नोकरीला लागलो त्या पावसाळ्यात शाळेत वृक्षारोपण होतं. पाहुणे आले, फेटे बांधले, फोटोवाला आला. पाहुण्यांनी रोप हातात घेतलं तसे सर पुढं झाले आणि खड्ड्याकडं बोट दाखवून म्हणाले, "सायेब, नीट बघून लावा. ह्या खड्ड्यात दरसाल एक झाड मरतंय. खड्डा मातूर लई टिकाऊ हाय." पाहुणे हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. सर लालबुंद होऊन म्हणाले, "हसताय काय? पाणी कोण घालणार, त्याचं नाव सांगा आन मग लावा." मुख्याध्यापकांनी त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं. रोप लागलं, फोटो निघाला आणि दसऱ्याआधीच ते वाळलं. सर वाळलेली काडी घेऊन मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून आले. महिनाभर दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

वर्गात त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे. जंगल म्हणजे काय? पोरं सांगायची, झाडं. "चूक!" वाघ. "चूक! बस खाली!" मग स्वतःच सांगायचे, "जंगल म्हणजे ओल. पावसाळा सरून महिने झाले तरी पायाखाली जी राहतेय ती ओल." ज्या गावात माणसं उन्हाळाभर टँकरची वाट बघत बसतात, तिथल्या पोरांना हे काय कळणार, सांगा. ती वहीत लिहून घ्यायची आणि परीक्षेत झाडंच लिहायची. सर त्याला शून्य द्यायचे. पालक भांडायला आले की त्यांनाही तोच प्रश्न विचारायचे.

तर ही ओल त्यांनी बघितली होती. कर्नाटकात पार पश्चिमेला, घाटमाथ्यावर, बाराही महिने हिरवं राहणारं एक राखीव जंगल आहे. उमरग्याहून हुबळी, तिथून दोन बसगाड्या बदलायच्या आणि पुढं वनखात्याच्या नाक्यापासून चालत. आतल्या भागात पर्यटकाला पाय ठेवू देत नाहीत. सरांनी तरुणपणी एकदा ते बघितलं आणि तिथून त्यांचं डोकं कामातून गेलं, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. तिथं झाडांच्या शेंड्यावर एक माकड राहतं. अंगानं काळंभोर, तोंडाभोवती पांढुरक्या आयाळीची झालर, शेपटीला सिंहासारखा गोंडा. मराठी पुस्तकात त्याला सिंहपुच्छ वानर लिहितात. तिथले लोक सिंगळीक म्हणतात, आणि सरही तेच म्हणायचे. ते जमिनीवर सहसा उतरत नाही. जन्म शेंड्यावर, खाणंपिणं शेंड्यावर, मरणही बहुधा वरच. सर चार वर्षं ओळीनं जात राहिले तेव्हा कुठं त्यांना पहिलं सिंगळीक दिसलं. पुढं दरवर्षी जात राहिले. नाक्यावरच्या लोकांशी मोडक्यातोडक्या कानडीत बोलून, वह्याच्या वह्या नोंदी त्यांना नेऊन देऊन, त्यांनी आत जायची परवानगी मिळवली. दरवर्षी नाताळच्या सुट्टीत चार दिवस. बाकीचं वर्ष ते त्या चार दिवसांसाठी जगायचे, आणि हे मी उगाच वाढवून सांगत नाही.

जायच्या आधी आठ दिवस अंगाला साबण लावायचे नाहीत, डोक्याला तेल नाही. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसेना. मातकट रंगाचा एकच शर्ट घालून गच्चीवर तासन् तास न हलता बसायचे. शेजारची बाई एकदा घाबरून त्यांच्या बायकोला म्हणाली, "वहिनी, सर वर बसलेत का गेलेत, बघा तरी." बायको म्हणाली, "सराव चाललाय त्यांचा."

मी एकदा विचारलं होतं, सर, काय एवढं आहे त्या जंगलात? त्यांनी आधी माझ्यावर डोळे वटारले. मग आवाज उतरवून म्हणाले, "तिथं पाणी पानापानातनं ठिबकत असतंय. आन कुणाला इचारत न्हाय, तू कुणाचा म्हणून." सर बौद्ध. त्यांच्या वडलांनी गावच्या आडावर काय सोसलं असेल ते सरांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही खणून विचारलं नाही. आमचं घर कुणब्याचं, आडाच्या दुसऱ्या बाजूचं. तेवढं मला कळत होतं.

पण येळवसला ते दरसाल आमच्या शेतात यायचे. आमच्याकडची येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, बाहेरच्यांना सांगावी लागते. मार्गशीर्षाच्या अमावास्येला सगळं गाव शेतात जातं. कडब्याची खोप करून पूजा करायची, भज्जी, आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे खायचे, आणि खायच्या आधी उभ्या पिकात फिरून चारी दिशांना घास टाकायचे, आंबील शिंपडायची. त्याला चर शिंपणं म्हणतात. रान आपल्याला देतं, त्या दिवशी आपण रानाला द्यायचं, मग तिथला किडा असो, पाखरू असो. घास टाकल्याशिवाय आमच्याकडं कुणाच्या घशाखाली काही उतरत नाही. सर पूजेला हात जोडायचे नाहीत. लांब बांधावर बसून कुठली पाखरं आली ते लिहायचे आणि वाढायची वेळ झाली की बरोबर यायचे. आईला म्हणायचे, "मावशी, देवाचं तुमी बघा, उंडे माझ्याकडं सरकवा." आई उंड्यात तीळ आणि लसूण घालते, भरपूर. तसे उंडे आमच्या गल्लीतही दुसरं कुणी करत नाही. सर सहा-सात खायचे. आई खूश असायची.

सात वर्षांमागं त्यांना वाटलं की आम्हालाही ते जंगल दाखवावं. का वाटलं देव जाणे. वनखात्यानं त्यांना त्याच वेळी कळवलं होतं की पुढच्या उन्हाळ्यात सिंगळिकांची मोजणी आहे, तिला तुम्ही या. सरांनी ते पत्र स्टाफरूममध्ये प्रत्येकाला वाचून दाखवलं. इतके खुशीत मी त्यांना कधी बघितले नव्हते. त्याच भरात म्हणाले, "चला सगळे. जलमभर बाभळी बघितल्या, एकदा झाड बघा." आम्ही आठजण तयार झालो. त्यांनी आमच्या नावांची परवानगी काढली, आमचा जामीन म्हणून स्वतः सही केली.

आणि मग आमचा छळ सुरू झाला. शनिवारी शाळा सुटली की गावाबाहेरच्या बाभळीत नेऊन तासभर गप बसवायचे. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, तंबाखू मळायची नाही. कुणी हललं की दात आवळून कानडीत म्हणायचे, "सुम्न कुंद्रू!" म्हणजे गप बस. कवायतमास्तर म्हणाले, "अहो सर, इथं होल्याबिगर एक पाखरू न्हाय." सर म्हणाले, "होल्याला तरी बघितलंस का नीट?" एकदा इंग्रजीचा फोन वाजला, तर त्याला घरी हाकललं. शेवटच्या शनिवारी नियम सांगितले. एकच सांगतो, कारण तोच महत्त्वाचा. "आपण तिथं पाव्हणं. पाव्हण्यानं घरातल्या भांड्यात हात घालायचा न्हाय, आन आपल्या भांड्यातलं त्यांच्या पोराला चारायचं न्हाय. एक दाणा बी न्हाय. कळलं का, गणित?" म्हटलं, कळलं. माझ्याकडंच बघून का विचारलं, म्हणून मला तेव्हाही राग आला होता.

येळवस त्या वर्षी नेमकी नाताळच्या सुट्टीत आली, आम्ही जंगलात असतानाच. आईनं निघताना उंड्यांचं गाठोडं दिलं. "शेतात न्हाईस तर जिथं असशील तिथं घास टाक," म्हणाली. बाकीच्यांच्या घरूनही असंच काहीबाही आलं होतं.

पहिल्या दिवशी काय दिसलं? काही नाही. खरं सांगतो, काही नाही. वर बघून मान मोडली. झाडं एवढी उंच की शेंडा दिसेना, उजेड चाळणीतून गाळल्यासारखा खाली यायचा, पायाखाली सगळं ओलं. पावसाळा जाऊन किती दिवस झाले होते, तरी ओलं. कवायतमास्तर म्हणाले, "ह्याच्यापेक्षा पिकनिकला गेलो असतो." सर कुजबुजत होते. त्यांचा तो बारीक आवाज मी पहिल्यांदा ऐकला. एका झाडाखाली आम्हाला तीन तास बसवलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बोटानं वर दाखवलं. पानं हलली. एक काळा हात, मग गोंड्याची शेपटी, मग पोटाला पिल्लू लावलेली मादी. एवढंच, आणि लगेच पुढच्या झाडावर गेली. मी सरांकडं बघितलं. म्हातारा रडत होता. मला त्या क्षणी ते फार आवडले, हेही लिहून ठेवतो.

त्याच दिवशी दुपारी येळवस. वनखात्याच्या बंगलीत आम्ही उतरलो होतो, समोरून डांबरी घाटरस्ता जायचा. सर गार्डबरोबर आत गेलेले. सगळे जेवायला बसले आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. हसा. मी गणिताचा पदवीधर, देवाचं फारसं करत नाही, पण येळवसला घास न टाकता जेवणं मला जमलं नाही. म्हटलं, सरांनी जंगलात काही टाकायचं नाही असं सांगितलंय. मग जंगलात नाही टाकत. रस्ता काय जंगल आहे? म्हणून मी चार उंडे घेतले, रस्त्याच्या कडेला गेलो, कुस्करले आणि चारी दिशांना टाकले. "ओलगे ओलगे" अशी चर शिंपताना देतात ती आरोळीही बारीक आवाजात दिली. हात जोडले. फार बरं वाटलं. येऊन पोटभर जेवलो.

नियम पाळून केलं, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय! माणसाची अक्कल अशी वेळेवर गवत खायला जाते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आरडाओरडा झाला. बंगलीसमोर रस्त्यावर सिंगळीकं बसली होती. चार-पाच. जमिनीवर, डांबरावर. आमच्या लोकांनी फोन काढले. "सर, सर, या की, खाली उतरलीत!" सर बाहेर आले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. कुणाला कळेना, एवढ्या जवळून दिसतायत तर हा माणूस असा का करतोय. ते दोन्ही हात पसरून रस्त्याकडं धावले, त्यांना झाडावर हाकलायला. वळणावरून दुधाची गाडी आली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, त्याची काही चूक नाही. मादी मेली. पिल्लू तिच्या पोटाला तसंच होतं. ते गार्डनं काढून नेलं. पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

सर रस्त्यावर उकिडवे बसले. मादीच्या हाताशी उंड्याचा तुकडा होता. तो त्यांनी उचलला, बघितला, वास घेतला. तिकडं माणसं भात खातात. बाजरी तिथं कुणाच्या घरात नाही, उंडे तर कुणाला माहीतही नाहीत. आणि त्या तुकड्यात तीळ होते. सर उभे राहिले. मला वाटलं आता ओरडतील. खड्ड्यावरून ओरडणारा माणूस, खडूवरून ओरडणारा माणूस. ते ओरडले नाहीत.

"कुणी टाकलं?" एवढंच विचारलं.

कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही.

"मी नाक्यावरच्या हापिसात चाललोय. आपलं आपण सांगितलं पायजे. ज्याला यायचं त्यानं यावं."

कवायतमास्तर म्हणाले, "सर, कशाला? कुणी बघितलंय? गाडीवाल्यानं मारलं, आपला काय संबंध?" सरांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. चालू लागले. नाका बराच लांब होता, चढाचा रस्ता. मी बुटाची नाडी बांधत बसलो. ती आधीच बांधलेली होती. मी सोडली आणि पुन्हा बांधली, आणि वर बघितलं तोवर सर वळणापलीकडं गेले होते.

दुपारी आम्हाला तिथून काढलं. सरांची परवानगी रद्द झाली. मोजणीतून नाव गेलं, आणि पुन्हा आत सोडायचं नाही असा शेरा त्यांच्या नावावर पडला. आमच्यापैकी कुणाच्या नावावर काही नाही. जामीन सरांचा होता ना!

परतीच्या गाडीत त्यांनी सगळ्यांना भुईमुगाच्या शेंगा वाटल्या. माझ्यापाशी आले तेव्हा म्हणाले, "घ्या." मला! इतकी वर्षं मला ते 'घे' म्हणायचे, 'उचल' म्हणायचे, 'गाढवा' म्हणायचे. त्या दिवसापासून मी 'गणित' राहिलो नाही. "अहो सर, आपला तास आहे का आता?" असं विचारायचे. पुस्तकी, स्वच्छ, गोड मराठीत. बाकीच्यांना शिव्या तशाच. मला एक शिवी नाही. वर्षात मला कळून चुकलं की त्यांना माहीत आहे. आणि ते आमच्या येळवसला यायचे बंद झाले.

शाळेत काय बोललं गेलं तेही सांगतो. कवायतमास्तर भर स्टाफरूममध्ये म्हणाले, "येळवस आपला सण. त्यांच्यात देवधर्म न्हाय, त्यांना काय त्याचं? माकडाचं निमित्त करून आपल्या सगळ्यांना चोर ठरवलं." दोघांनी माना डोलावल्या. सर तासाला गेलेले होते. मी तिथंच बसलो होतो. तोंडापर्यंत आलं होतं, की गप्प बसा, घास मी टाकला आणि त्यांनी मला झाकलं. मी चहाचा घोट घेतला. दुसऱ्यांदा गप्प बसलो, आणि हे पहिल्यापेक्षा वाईट होतं. पहिल्या वेळी निदान घाबरलो होतो. ह्या वेळी मला ते सोयीचं होतं.

सर पुढं निवृत्त झाले. दरवर्षी नाताळच्या सुट्टीत ते मातकट शर्ट घालून गच्चीवर बसायचे, हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. साबण बंद, तेल बंद. जायचं मात्र कुठं नाही.

दरवर्षी येळवसला आई विचारायची, "तुझे सर का येईनात? काय बोललास का त्यांना?" मी काहीतरी सांगायचो. गेल्या वर्षी शेतात उंडे वाढता वाढता तिनं पुन्हा विचारलं आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी सगळं सांगून टाकलं. आईनं हातातली उंड्यांची पाटी खाली आपटली.

"माझ्या हातच्या उंड्यानं लेकुरवाळीचा जीव गेला?"

"आई, मला काय माहीत ती खाली उतरतील..."

"त्ये मला सांगू नगंस. चुकलं ते चुकलं. पर सा वर्सं? सा वर्सं तू मला त्येच उंडे करायला लावलेस, आन समोर बसून गिळत व्हतास? आन त्या भल्या माणसाचं रान तुज्यापायी बंद?" शेजारच्या शेतातली माणसं बघायला लागली. "ऊठ. ताटावरनं ऊठ. सांगून आल्याबिगर माझ्या हातचं खायचं न्हाय."

माझं वय बेचाळीस. मी ताटावरून उठलो.

दोन दिवसांनी एकटाच त्या नाक्यावर गेलो. अधिकारी नवा होता, पोरगेलाच. त्याला मराठी येईना, मला कानडी येईना, म्हणून आमच्याकडच्या दख्खनीत बोललो. "साब, वो खाना मैंने डाला था. सरने मना किया था. उनका कुछ कसूर नहीं." त्यानं कारकुनाकडून जुनी फाईल मागवली. सरांचा लेखी जबाब त्यात होता, कानडीत, वाकड्या अक्षरात. कारकुनानं तो वाचला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "इसमें लिखा है, डालनेवाले का नाम मालूम है, लेकिन मैं नहीं बताऊंगा. वो खुद आके बोलेगा."

मी तिथल्या बाकावर बसलो. कारकुनानं पाणी दिलं. सहा वर्षं तो कागद तिथं माझी वाट बघत पडला होता, आणि मी उमरग्यात पोरांना उत्तर पडताळून बघा म्हणून शिकवत होतो.

माझा जबाब त्यांनी लिहून घेतला, माझ्यावर कारवाई केली, ती योग्यच होती. सरांच्या नावावरचा शेरा काढायला वर कळवलं. पत्र यायला दिवाळी उजाडली. ते त्यांच्या नावानं, पण माझ्या पत्त्यावर आलं, कारण अर्ज माझा होता. ते घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. सर आता वाकलेत, गुडघे गेलेत. उभ्यानंच पत्र वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं.

"बरं झालं. बसा. चहा घ्या."

आणि मी भडकलो. माझं काही ओरडायचं तोंड नव्हतं, तरी ओरडलो. "बसा काय सर? तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! एक कानफटात मारली असती, चार लोकांत शिव्या दिल्या असत्या, तर मी त्याच दिवशी बोललो असतो!"

"न्हाय बोलला असता," सर शांतपणे म्हणाले. "शिव्या खाऊन मोकळा झाला असता." मग चष्मा पुसला. "पहिलं सिंगळीक दिसायला मला चार वर्षं लागली. तुमाला सा लागली."

आतून त्यांची बायको चहा घेऊन आली.

नाताळच्या सुट्टीत ते निघाले. कधीची गाडी, ते मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. मी चार दिवसांची रजा टाकली, पिशवी भरली, साबणही लावला नाही आठ दिवस. मला अजून आत सोडणार नव्हते, पण नाक्यापर्यंत तरी जाईन, त्यांची पिशवी उचलीन, गाडीतून उतरताना हात देईन, असं मनाशी ठरवलं होतं. स्टँडवर हुबळीची गाडी लागलेली. सर मातकट शर्टात खिडकीशी बसले होते. गाडी बरीच रिकामी होती. मी चढलो, त्यांच्या बाकापाशी जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "सर, नाक्यापर्यंत येतो सोबत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. मांडीवरची पिशवी उचलली आणि शेजारच्या सीटवर ठेवली.

मागं बाक रिकामे होते. कंडक्टर म्हणाला, "बसा की गुरुजी, लई जागा हाय." मी खाली उतरलो.

ते पाचव्या दिवशी परत आले. त्यांना सिंगळीक दिसलं का, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मला विचारायचं तोंड नाही.